तेवढं बघा

पत्र इंग्रजीत लिहायचं होतं. तेहतीस वर्षं मी शाळेत इंग्रजी शिकवलंय, म्हटलं अर्ध्या तासात उरकेल. झालं होतं असं, की न्यू जर्सीत असलेल्या आमच्या मुलाला फेब्रुवारीतल्या एका रात्री अपेंडिक्सचा त्रास सुरू झाला. बाहेर बर्फ. त्याच्या घरमालकीणबाई, वय एकाहत्तर, स्वतः गाडी काढून त्याला हॉस्पिटलात घेऊन गेल्या आणि ऑपरेशन होईपर्यंत बाहेरच्या खुर्चीवर बसून राहिल्या. आम्हाला हे कळलं आठ दिवसांनी, टाके निघाल्यावर. त्यावर आमच्या घरातून हुकूम सुटला, "त्या बाईंना पत्र लिहा. फोन नको. तुमचं इंग्रजी त्यांना कळायचं नाही."

शनिवारी सकाळी मी लिहिलेला कागद टेबलावर होता. भाचीची रात्रपाळी महापेच्या बिझनेस पार्कात सुटते, शेअर रिक्षा तिला कोपरखैरण्यात तीन टाकीपाशी सोडते आणि शनिवारचे पोहे ती आमच्याकडे खाते, हा दोन वर्षांचा रिवाज आहे. कॉल सेंटरमध्ये ती ट्रेनर आहे. परदेशातल्या ग्राहकांशी इंग्रजीत कसं बोलावं, काय लिहावं, हे ती पोरांना शिकवते. म्हणजे माझाच धंदा, फक्त पगार बरा.

तिनं कागद उचलला आणि मोठ्यानं वाचला. "रिस्पेक्टेड मॅडम, विथ रेफरन्स टू द इलनेस ऑफ माय सन, आय ॲम हायली ऑब्लाइज्ड टू युअर गुडसेल्फ. किंडली कंटिन्यू टू डू द नीडफुल. थँकिंग यू, युअर्स फेथफुली." मग कागद खाली ठेवून म्हणाली, "मामा, हे आभाराचं पत्र आहे की मीटर जळल्याची तक्रार?"

"चूक दाखव त्यात एक."

"चूक एकही नाही. तीच तर अडचण आहे. 'डू द नीडफुल' वाचून त्या बाईंना वाटेल, आपल्याला ऑफिसचं काम लावलंय."

"ते साहेबांचंच वाक्य आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्रज व्यापारी एकमेकांना सर्रास लिहायचे. त्यांनी टाकलं, आपण सांभाळलं."

"म्हणजे साहेबानं टाकलेला कोट तुम्ही अजून घालताय."

"इस्त्री करून घालतो."

ती हसली, पण मुद्दा सोडला नाही. तिच्या बॅचमध्ये पहिल्या दिवशी जी वाक्यं फळ्यावर लिहून खोडतात, त्यात हे पहिलं. त्याच्या शेजारी 'किंडली'. काही अमेरिकी ग्राहकांना 'किंडली' म्हटलं, की समोरचा दात आवळून बोलतोय असं वाटतं म्हणे. त्याखाली 'प्लीज रिव्हर्ट', कारण ते 'उत्तर द्या' या अर्थानं वापरणारे बहुतेक आपल्याच बाजूचे. आणि 'व्हॉट इज युअर गुड नेम', ज्यात शुभनाम जसंच्या तसं उचलून इंग्रजीत नेऊन ठेवलंय.

मला राग आला नाही असं नाही. मी म्हटलं, "अगं, 'डू द नीडफुल' हे आपल्याकडे एवढं टिकलं कशानं, याचा विचार केलास? आपल्याकडे त्याची जागा आधीच तयार होती. 'तेवढं बघा.' तुझे बाबा ऑफिसात अर्ज देऊन निघताना काय म्हणायचे? 'साहेब, तेवढं माझ्या कामाचं बघा.' यात 'तेवढं' म्हणून काम लहान केलं, म्हणजे समोरच्यावर भार नको. आणि 'करा' म्हटलंच नाही, 'बघा' म्हटलं, म्हणजे नाही झालं तरी त्याची अब्रू शाबूत. दोन शब्दांत एवढा नाजूक कारभार. आम्ही तो 'डू द नीडफुल'मध्ये भरला."

"भरला खरा, पण पोचला नाही. पलीकडे फक्त 'डू' पोचला."

हे मात्र तिनं बरोबर पकडलं. मला वर्गातली गोष्ट आठवली. २००० साली पहिलीपासून इंग्रजी आलं, त्याच्या आधी आमच्या मराठी शाळेत ते पाचवीला सुरू व्हायचं. तेव्हाची गोष्ट. तपासणीला साहेब आले. एक चुणचुणीत पोरगा उठला, स्वतःच्या रुमालानं खुर्ची पुसली आणि हात पुढे करून म्हणाला, "सर, सिट." साहेबांचा चेहरा बदलला. मागची दोन पोरं हसली. त्या मुलाच्या डोक्यात 'बसा' होतं. 'बस' नव्हे, 'बसा'. एका आकारात त्यानं सगळा मान घातला होता. इंग्रजीत उतरताना तो आकार कुठं ठेवायचा, हे मी त्याला शिकवलंच नव्हतं. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर वाढलेला मी मास्तर. वाक्याला वाक्य जुळवायला शिकलो, तेच शिकवलं.

भाचीला सांगितलं तेव्हा ती चमचा हातात धरून ऐकत राहिली. "मग यात इंग्रजीची काय अडचण आहे?"

"अडचण जुनी आहे. त्यांच्याकडेही तू आणि तुम्ही होतं. 'दाऊ' म्हणजे तू, 'यू' म्हणजे तुम्ही. सतराव्या शतकात 'दाऊ' बोलण्यातून गेलं आणि राजापासून गाडीवानापर्यंत सगळे 'यू' झाले. सगळेच अहोजाहो झाल्यावर अहोजाहोला किंमत काय राहिली? मग मान दाखवायला त्यांना दुसरीकडे जागा शोधावी लागली. 'वुड यू', 'कुड यू', 'इफ यू डोन्ट माइंड'. आपण जे क्रियापदाच्या शेपटीत बांधतो, ते इंग्रज वाक्याच्या तोंडाशी बांधतात."

"मामा! मग मी पोरांना तेच तर शिकवते. तुम्ही मला उगाच विरोध करताय."

"मी 'वुड यू'ला विरोध करत नाही. दर वेळी नवीन 'वुड यू' कशाला, असं विचारतोय."

इथं आमचं खरं भांडण लागलं.

तिच्याकडे एक तक्ता आहे. लॅमिनेट केलेला, कडा निघालेल्या, बॅगेत कायम असतो. डावीकडे शिळी वाक्यं, त्यांवर लाल रेघ. उजवीकडे प्रत्येकाचे तीन-तीन पर्याय. 'सॉरी फॉर द इनकन्व्हिनियन्स'वर रेघ. त्यापुढे लिहिलंय, जे बिघडलं त्याचं नाव घ्या: 'तुमचं पार्सल दोनदा चुकीच्या घरी गेलं, याचं मला वाईट वाटतं.' 'आय अंडरस्टँड'वर रेघ. तिच्या ऑफिसात क्यूए नावाचा प्राणी असतो, तो कॉल ऐकून मार्क देतो. एकाच कॉलमध्ये एकच सहानुभूतीचं वाक्य दोनदा आलं, की मार्क कापतो.

"आणि खरंच दोनदा वाईट वाटलं तर?" मी विचारलं.

"वाटू दे की. पण शब्द बदलून वाटू दे."

"म्हणजे रोज वडीलधाऱ्यांच्या पाया पडताना वेगवेगळ्या कोनातून वाकायचं?"

आतून हिचं हसू ऐकू आलं. भाचीनं तक्ता टेबलावर उलटा ठेवला. म्हणाली, "तुम्ही रोज ठाण्याची गाडी धरायचात ना? ती स्टेशनवरची बाई 'गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत' म्हणते, तेव्हा तुम्हाला कधी वाटलं की कुणाला तरी वाईट वाटतंय?"

नाही वाटलं. दिलगीर हा शब्द फारसीतून आला, त्यात दिल आहे, मन खिन्न झाल्याचा अर्थ आहे. पण कोपरखैरण्याच्या फलाटावर तो ऐकून कुणी मान वर केल्याचं मला आठवत नाही. दूरदर्शनवर चित्र गेलं की 'व्यत्ययाबद्दल क्षमस्व' अशी पाटी यायची. आम्ही ती पाटी पाहून पाणी प्यायला उठायचो. क्षमा कुणी मागितली, कुणी दिली, याचा पत्ता नाही. एवढं मी कबूल केलं.

पण माझीही बाजू होती. आपल्या जुन्या पत्रांत सुरुवातीला काय असायचं? स. न. वि. वि. सप्रेम नमस्कार विनंती विशेष. लिहून लिहून लोक इतके कंटाळले, की चार अक्षरांवर आणून ठेवलं. तरी कुणाला राग आला नाही. पेशवाईतल्या पत्रांत 'येथील कुशल जाणोन स्वकीय कुशल लिहीत जावे' असं पानोपानी सापडतं. त्याआधी शिवकाळातली पत्रं 'बहुत काय लिहिणे, तरी सुज्ञ असा' म्हणून संपायची. मजकूर मोहिमेचा असो की मिठाचा, शेवट तोच. त्यात कोरडेपणा कुणाला दिसला?

"थांबा," ती म्हणाली. "येथील कुशल जाणोन... हे म्हणजे 'होप धिस ईमेल फाइंड्स यू वेल'!"

"तेच."

"मामा, ते वाक्य आता कॉम्प्युटर स्वतःच लिहितो. दोन सेकंदांत, फुकट. माझ्याकडे रोज येणाऱ्या ईमेलांत अर्ध्या ईमेलांची सुरुवात ती असते. त्यामुळे ते वाक्य दिसलं, की लोकांना वाटतं, माणूस घरी नाही. तुमच्या पेशव्यांच्या काळी निदान कारकुनाचा हात तरी दुखायचा."

हा मुद्दा माझ्या तयारीत नव्हता. मी पोह्यातला शेंगदाणा शोधत बसलो.

तिनं पुढे दाबलं. "आणि शिळं चालतं म्हणता, मग उखाणा कशाला? नाव एकच. नवराही एकच. तरी दर हळदीकुंकवाला नवा उखाणा मागतात ना? जुना घेतला तर बायका म्हणतात, 'हा झालाय, दुसरा घे.' आपल्यातच नव्यानं म्हणायची रीत आहे, आणि तुम्ही मला ती अमेरिकेतून आणलीय असं बोलता."

स्वयंपाकघरातून आवाज आला, "उखाण्यांची पुस्तकं मिळतात गं स्टेशनबाहेर. माझे सगळे त्यातलेच होते."

मला बळ आलं. मी म्हटलं, "लग्नपत्रिका बघ. खाली लहान पोरांच्या नावानं असतं, 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं!' कधीतरी, कुणीतरी पहिल्यांदा हे सुचवलं असेल तेव्हा लोक किती खूश झाले असतील. आज ते छापखान्यात तयारच असतं. पोर दोन महिन्यांचं असलं तरी आमंत्रण देतं. तुझ्या तक्त्यातली उजवी बाजू दोन वर्षांनी डावीकडे जाणार."

"दोन नाही. सहा महिन्यांत जाते. म्हणून तर तक्ता सारखा बदलावा लागतो."

एवढ्या सहज तिनं ते मान्य केलं, की माझी सगळी हवा गेली. मी टेलिफोनचं उदाहरण काढलं. ग्रॅहॅम बेलला फोन उचलल्यावर 'अहॉय' म्हणायला हवं होतं, १८७७ साली एडिसननं 'हॅलो' सुचवलं. तेव्हा ते अगदी कोरं करकरीत होतं. आज हॅलोला काही अर्थ उरलाय का? "नाही," ती म्हणाली, "आणि हॅलोवर मी रेघही मारलेली नाही. मामा, दरवाज्याची कडी बदला असं मी म्हणतच नाहीये. पाहुणा आत आल्यावर त्याच्याशी काय बोलायचं, ते म्हणतेय."

मग ती एकदम गप्प झाली आणि चहाचा कप फिरवत राहिली. रात्रपाळीनंतर तिचा चेहरा असा होतो, म्हणून मी काही विचारलं नाही. तिनंच सांगितलं.

तिच्या चॅटच्या टीममध्ये बोनकोड्याचा एक मुलगा आहे. हुशार. एका वेळी तीन ग्राहक हाताळतो. मागच्या महिन्यात एका बाईनं लिहिलं, नवरा गेला, खात्यावरून त्याचं नाव काढायचंय. त्यानं चार मिनिटांत काम चोख केलं. कागदपत्रं मागावी लागली नाहीत, जी हवी होती ती आधीच होती. काम झाल्यावर बोट सवयीनं बटणावर गेलं आणि तयार वाक्य पडलं, 'थँक यू फॉर बीइंग अ व्हॅल्यूड कस्टमर, हॅव अ वंडरफुल डे.' पलीकडून एकच ओळ आली. 'माय हजबंड इज डेड.' चॅट बंद.

"पोरगा त्या रात्री जेवला नाही," ती म्हणाली. "म्हणून म्हणते, शब्द बदलायला शिकवावं लागतं. मी दुसऱ्या दिवशी शोकाची सहा वाक्यं तयार करून दिली."

"सहा?"

"मग किती?"

मी जरा वेळानं बोललो. "आपल्या गल्लीत कुणी गेलं तर तू काय करतेस? जातेस. बसतेस. कधी झालं, कसं झालं, एवढं विचारतेस, तेही शेजारच्याला. उठताना काय म्हणतेस?"

"काहीच नाही."

"एरवी घरातून निघताना आपण काय म्हणतो? 'येतो.' जातो म्हणायचं नाही, अशुभ. लहान पोराला आधी हेच शिकवतात. पण सुतकाच्या घरातून उठताना 'येतो' म्हणत नाही. तो एक शब्द गाळायचा, बस. त्या घरी पुन्हा अशा कारणानं यायचं नाहीये. आपल्या भाषेनं तिथं सातवं वाक्य दिलेलं नाही. तिथं आहे ते वाक्यसुद्धा काढून घेतलं आहे."

मला वाटलं, जिंकलो. तिनं माझ्याकडे बघितलं ते दयेनं.

"मामा, चॅटमधून न बोलता उठता येत नाही. तीस सेकंद काही टाइप केलं नाही, तर मशीन त्या बाईला विचारतं, 'आर यू स्टिल देअर?'"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही. गल्लीतल्या घरी शेजारची बाई पाण्याचा तांब्या आणून ठेवते, दारातल्या चपला सरळ करते, कुणी तरी आतल्या खोलीतून पोराला बाहेर नेतं. एवढ्या सगळ्याच्या आधारावर आपण तिथं गप्प बसू शकतो. त्या बोनकोड्याच्या पोरापुढे फक्त एक लुकलुकणारी रेघ होती.

पण ती पुढे जे म्हणाली ते मला जास्त पटलं. सहा वाक्यं दिली, पण चार दिवसांनी तिनं ती परत घेतली. मुलं एकामागून एक वापरायला लागली होती. सोमवारची, मंगळवारची, अशी. मग ती क्यूएवाल्यांशी भांडली. मृत्यूच्या केसला शेवटचं वाक्य सक्तीचं नको, 'आणखी काही मदत करू का' नको, शुभेच्छा नकोत. आठवडाभर ईमेला-ईमेली झाली. आता अशा केसमध्ये 'क्लोजिंग'च्या रकान्यात एनए मारतात, म्हणजे लागू नाही, आणि मार्क कापत नाहीत. "तुमचा 'येतो' न म्हणण्याचा रकाना," ती म्हणाली. "मला माहीत नव्हतं त्याला मराठीत आधीच जागा आहे."

बोलता बोलता मला तिचे बाबा आठवले, म्हणजे माझे मेहुणे, माथाडी. पाटणहून मुंबईच्या बाजारात आले, मग बाजार वाशीला आल्यावर कांदा-बटाटा मार्केटात, आणि घर इथं कोपरखैरण्यात, माथाडींच्या वसाहतीत. पाठीवर पन्नास किलोचं पोतं घेतलेला माणूस गर्दीतून जाताना एकच शब्द ओरडतो, 'साइड!' त्यात प्लीज नाही, जरा नाही, दादा नाही. दमच नसतो तेवढा. आणि साइड ऐकून बाजूला होणाऱ्याला अपमान वाटत नाही, कारण पोतं दिसत असतं. मी हे भाचीला सांगितलं. म्हटलं, ज्याचं ओझं दिसतं त्याला शब्द सजवावे लागत नाहीत.

"आणि त्यांना हाक काय मारायचे ते सांगा ना," ती म्हणाली. "'ए हमाल.' बाबा सांगतात. नंतर 'माथाडी' झालं. शब्द बदलला ना? आणि फरक पडला ना?"

"शब्दानं नाही पडला. अण्णासाहेब पाटलांनी संघटना बांधली, लढा दिला, १९६९ साली कायदा झाला. महाराष्ट्र माथाडी, हमाल आणि इतर श्रमजीवी कामगार, असं त्याचं नाव. मग मंडळं आली, नोंदणी आली, फंड आला. हातात कार्ड आलं म्हणून 'माथाडी' शब्दाला वजन आलं. नुसतं 'ए हमाल'चं 'अहो भारवाहक' केलं असतं, तर पाठ तेवढीच वाकली असती."

"पण कार्ड मिळाल्यावरही कुणी 'ए हमाल' म्हणालं, तर बाबा पोतं खाली ठेवायचे. हे त्यांनीच सांगितलंय मला. वळायचेच नाहीत. तेव्हा शब्दाचं काही नसतं, असं तुम्ही त्यांच्यासमोर म्हणून दाखवा."

नाही म्हणणार. मेहुणे आहेत, शिवाय अजून अंगानं दणकट आहेत.

एव्हाना अकरा वाजत आले होते आणि पत्र तिथंच होतं. ही बाहेर आली, हात पुसत. "तुमचं संपलं असेल, तर त्या बाईंना काय लिहिलं ते मला मराठीत सांगा."

भाचीनं मूळ पत्राचा अर्थ सांगितला. हिनं कपाळावर हात मारला. "अहो, माझ्या पोराला रात्री दोन वाजता बर्फातून नेलं त्यांनी. आणि तुम्ही 'संदर्भ' लिहिताय?"

मग आम्ही तिघं बसलो. 'रिस्पेक्टेड मॅडम' गेलं, बाईंचं नाव आलं. मला ते अवघड गेलं. एकाहत्तर वर्षांच्या बाईला नुसत्या नावानं हाक मारायला माझी लेखणी वळत नव्हती, पण मुलगा तसंच म्हणतो म्हणे, आणि त्यांनाही तेच आवडतं. 'गुडसेल्फ' गेलं, त्याबद्दल मी फारसा झगडलो नाही. 'ऑब्लाइज्ड' मात्र मी काढू दिलं नाही. भाची म्हणाली, जुनाट आहे, 'ग्रेटफुल' घ्या. मी तिला सांगितलं, ऑब्लाइज्डच्या पोटात लॅटिनमधलं बांधणं आहे. उपकारानं बांधला गेलेला. पोर्तुगीज माणूस आजही आभार मानताना 'ओब्रिगादो' म्हणतो, तेच ते. आपण ऋणानुबंध म्हणतो, त्यातही बंध आहे. ग्रेटफुलमध्ये मी खूश आहे, एवढंच कळतं. ऑब्लाइज्डमध्ये मी सुटलेलो नाही, हे कळतं. तिनं दोनदा तो शब्द तोंडात घोळवला आणि म्हणाली, "ठेवा." हे एवढंच मी त्या सकाळी निखळ जिंकलो.

मग एक ओळ मी घातली, 'आय वॉज वंडरिंग हाऊ टू थँक यू.' भाची खूश. माझं काम आता आहे, तरी 'होतं' म्हणायचं, म्हणजे समोरच्याला वाटतं, नाही म्हटलं तरी चालेल. मी तिला म्हटलं, यात नवीन काय? शेजारी दारात येऊन 'जरा काम होतं' म्हणतो. 'होतं' म्हणतो आणि काम अजून पुढ्यातच असतं. ती लिहून घेत होती. मराठी शाळेतून आलेल्या पोरांना 'वॉज वंडरिंग' शिकवायला आठवडा जातो म्हणे. 'काम होतं' सांगितलं असतं, तर पाच मिनिटांत समजलं असतं.

शेवटी 'डू द नीडफुल'ची जागा रिकामी राहिली. तिथं काय म्हणायचं होतं ते मलाही माहीत होतं, पण इंग्रजीत येत नव्हतं. भाचीनं दोन पर्याय दिले, दोन्ही हॉटेलच्या पाटीसारखे वाटले. 'वुई विल बी ग्रेटफुल फॉर युअर कंटिन्यूड सपोर्ट', असं काहीतरी. कंटिन्यूड सपोर्ट बँकेला देतात.

ही इतका वेळ गप्प होती. म्हणाली, "मला एवढंच सांगायचंय त्यांना. तो सकाळी न खाता जातो. दिसला तसा जाताना, तर माझ्या वाटचे दोन शब्द बोला त्याला. मी रागावणार नाही म्हणावं."

भाचीनं पेन टेबलावर ठेवलं. मग उचललं. आणि सावकाश लिहिलं, 'इफ यू एव्हर सी हिम लीव्हिंग विदाउट ब्रेकफास्ट, प्लीज स्कोल्ड हिम. यू हॅव हिज मदर्स परमिशन.'

मी वाचलं. व्याकरणाची चूक नव्हती. 'प्लीज' होतं, आणि एरवी खटकतं तसं खटकलं नाही. भाचीनं तक्ता काढून उजवी बाजू पाहिली, कुठल्या रकान्यात बसतं ते. नाही बसलं. "मामी, हे तुमचं पेटंट," ती म्हणाली. ही म्हणाली, "मी कुठं काय इंग्रजी बोलले," आणि पोह्यांची ताटली उचलून गेली.

पत्र भाचीनं ईमेलनं धाडलं. उत्तर रविवारी पहाटेच आलं. पाच-सहा ओळी होत्या, त्यातली पहिली 'ओह, इट वॉज नथिंग', आणि शेवटी, त्याला आधीच दोनदा रागावून झालंय, आता परवानगी मिळाली म्हणून बरं झालं, असं.

"काय म्हणतायत?" हिनं विचारलं.

"म्हणतायत, त्यात काय एवढं."

"बघा. आपल्यासारख्याच आहेत."

तेहतीस वर्षं मी पोरांना शिकवलं, थँक यूला उत्तर 'यू आर वेलकम'. पोरं बाहेर जाऊन 'मेन्शन नॉट' म्हणायची, ते मी खोडायचो. आणि घरी, दारी, रिक्षात, मी स्वतः कधी कुणाला 'आपले स्वागत आहे' म्हटलेलं नाही. 'असू दे हो', 'त्यात काय एवढं', 'राहू दे', हेच म्हणत आलो. मग त्या बाईंच्या 'नथिंग'ला उत्तर काय द्यायचं? की द्यायचंच नाही? मी दोन मसुदे केले. पुढच्या शनिवारी भाचीनं दोन्ही खोडले. म्हणाली, इथं थांबायचं असतं. मी म्हटलं, एकाहत्तर वर्षांच्या बाईचं शेवटचं वाक्य अधांतरी ठेवायचं? त्यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही. ही म्हणते, चकल्या पाठवा. पोस्टात काल जाऊन न्यू जर्सीचा दर विचारून आलो.